धाकटीचा डावा मोजा

नाही, मला एक सांगा, मोजा जातो कुठं? एक मोजा! दोन्ही गेले तर माणूस समजू शकतो, चोरी झाली म्हणेल, धुवायला पडलेत म्हणेल, मनाची समजूत घालेल... पण एकच? संध्याकाळी दोघं शेजारी शेजारी ठेवलेले, सकाळी एक जागेवर आणि एक परागंदा! त्यांचं काय भांडण झालं का रात्रीतून? आणि हरवायचा तो नेहमी डावाच. आता तुम्ही म्हणाल, मोज्यात कसला आलाय डावा-उजवा? नसतो. तुमच्या-माझ्या मोज्यात नसतो. आमच्या धाकटीच्या मोज्यात असतो. ती मोजा हातात घेते, उलटा करते, सुलटा करते, उजेडाकडे धरून बघते, सोनार बघत नसेल सोनं इतक्या बारकाईनं, आणि जाहीर करते, "बाबा, हा उजवा आहे. डाव्या पायात हा टोचतो." मी चिडत नाही हं. मी नुसतं सांगतोय.

म्हणजे बघा, आमच्या घरात माणसं चार. मी सोफ्याच्या गाद्या शिवतो, घरीच, पुढच्या खोलीत. तिथं माझी मशीन, फोमचे तुकडे, कापडाचे ताके, आणि कोपऱ्यात चिंध्यांचा ढीग. आमची ही बस चालवते. हो, बस! गावातली मोठी बस, दोन दारांची. थोरला आमचा दहा वर्षांचा, धाकटी सहा. आणि पूर्वी सगळं सुरळीत होतं हो. हिला दुपारची पाळी होती, सकाळी मुलांचं ही बघायची, मी आपला मशीनवर खाली मान घालून... आतल्या खोलीत काय उलथापालथ चाललीय, मला पत्ताच नसायचा. मुलं एका दारानं झोपेत आत आणि दुसऱ्या दारानं गणवेशात बाहेर, मला वाटायचं हे आपोआपच होतं!

मग हिनं पाळी बदलून घेतली. म्हणाली, "मुलं शाळेतून घरी येतात तेव्हा मी घरी नसते, हे काही बरं नाही. पहिली पाळी मागून घेतलीय. मी अंधारातच निघेन. सकाळचं तू बघ."

म्हटलं, "बघेन की. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे... हे शब्द ज्या तोंडातून निघाले ना, त्या तोंडाला कुलूप घालायला हवं होतं. ही म्हणाली, "काही अवघड नाही. उठवायचं, धुवायचं, भरवायचं, गाडीत बसवायचं." चार शब्द! मी म्हटलं, चार शब्द म्हणजे चार कामं. आता कळतं, 'उठवायचं' या एका शब्दाच्या पोटात माणूस गडप होतो!

धाकटीला उठवायचं म्हणजे काय असतं, तुम्हाला सांगतो. पांघरूण ओढलं की ती पांघरुणाबरोबर येते. उभी केली की उभी राहते, पण झोपलेलीच. तशीच चालत जाते, तशीच दात घासते, अर्ध्यात थांबते, मला वाटतं झोपली, तर एकदम डोळे उघडून विचारते, "बाबा, माशांना तहान लागते का?" अगं, ब्रश तोंडात, फेस कोपरापर्यंत, बाहेर शाळेच्या गाडीवाले काका यायची वेळ झालेली, आणि मी माशांचं काय सांगू? लागत असेल! नसेल लागत! "आधी चूळ भर!" तर म्हणे, "पाण्यातच असतात ना, मग ते चूळ कशी भरतात?" नाकी नऊ येतात म्हणजे काय येतात, ते मला त्या बेसिनपाशी कळलं. पण मी चिडत नाही. मी नुसतं सांगतोय.

मग दूध. दुधावर साय आली, मला नको. साय काढली, आता हे दूध पातळ झालं. पाव भाजला, कडा काळ्या आहेत. कडा कापल्या... "आता हा पाव लहान झाला!" मग शर्टाची बटणं. मी लावली तर "मी लावणार", तिनं लावली तर एक बटण वर सरकलेलं, सगळा शर्ट तिरका, मी सोडवून लावायला गेलो तर भोकाड! आणि हे सगळं चाललं असताना, आमचा थोरला कुठं असतो?

दारात! तयार! केस विंचरलेले, बूट पायात, दप्तर पाठीवर, पेन्शनीतले आजोबा बागेत बसतात तसा दारातल्या स्टुलावर बसलेला. मधून मधून सुस्कारा टाकतो. "बाबा, आज पण उशीर होणार वाटतं." काय गुणी पोरगं! मी धाकटीला म्हणायचो, "बघ, बघ जरा दादाकडे! त्याला सांगावं लागतं का काही?" आणि तो बिचारा खाली मान घालून बुटांकडे बघायचा. मला वाटायचं, काय विनय आहे पोराच्या अंगात! कोणावर गेलाय कोण जाणे!

तर ब्रश झाला, दूध झालं, बटणं झाली, आता फक्त मोजे घालायचे की आम्ही जग जिंकलं... आणि डावा मोजा नाही! मग शोध. पलंगाखाली मी, कपाटामागं मी, चिंध्यांच्या ढिगात कमरेपर्यंत मी. तुम्ही कधी चिंध्यांच्या ढिगात मोजा शोधलाय? तिथं प्रत्येक चिंधी लांबून मोजाच दिसते हो! बाहेर गाडीवाले काका हॉर्न देतात. पहिला हॉर्न प्रेमाचा, "पीप". दुसरा आठवणीचा, "पीऽऽप". तिसऱ्याला काका खिडकीतून डोकं बाहेर काढतात. "साहेऽऽब! अजून सहा घरं घ्यायचीत मला! पोरं येणार आहेत की मुक्काम आहे आज?" मी आतून ओरडतो, "आलो आलो! एकच मोजा राहिलाय!" काका म्हणतात, "काल पण एकच राहिला होता!" आणि गेली गाडी.

गाडी गेली की राहिली बस. कोपऱ्यावरच्या थांब्यावर येणारी बस, आणि ती बस चालवते कोण? बरोबर. आमची ही! पहिल्या दिवशी आम्ही तिघं धावत पळत थांब्यावर पोचलो, बस आली, दार उघडलं, हिनं बघितलं... धाकटीच्या एका पायात मोजा, एक पाय उघडा, माझ्या केसांत फोमचा भुगा. ही काही बोलली नाही. ड्युटीवर ती बोलत नाही. तिच्या डोक्यावरच पाटी आहे, 'चालकाशी बोलू नये'. पण वरच्या आरशातून जे बघितलंय ना माझ्याकडे! लग्नाला बारा वर्षं झाली, असं बघणं नाही बघितलं मी. तरी मला वाटतं शेवटी शेवटी ती हसली. थोरला तिच्या मागच्याच सीटवर बसला होता, आणि तोही आरशात बघून हसत होता. म्हटलं, चला, कोणाची तरी सकाळ बरी चाललीय!

पण बस शाळेपाशी पोचते घंटा झाल्यावर. एकदा उशीर, दोनदा उशीर, मग रोजचंच झालं, आणि एके दिवशी शाळेच्या मोठ्या बाईंनी मुलांसकट मलाच आत बोलावलं. मोठ्या बाई कधी ओरडत नाहीत, हळू बोलतात, तेच भयंकर असतं. "बसा. काही अडचण आहे का घरी?" म्हटलं, "नाही बाई, एक मोजा..." "मोजा?" "हरवतो." "रोज?" "रोज." मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा, वर्ग कोणाच्या मोज्यासाठी थांबत नाही. उद्यापासून उशीर झाला, तर मी मुलांना वर्गात घेणार नाही. आल्या पावली घरी परत न्यायचं." दोन्ही मुलं शेजारी उभी. आणि मी, एवढा बाप्या माणूस, 'हो बाई' म्हणत उठून उभा राहिलो हो! मी शाळेत असताना मला कोणी इतकं बोललं नव्हतं!

घरी आलो आणि ठरवलं, बास. आता या मोज्याचा बंदोबस्तच करायचा. मी शिवणकाम करणारा माणूस, माझ्या घरात कापड माझं ऐकत नाही म्हणजे काय? दोन्ही मोजे घेतले आणि गादीला वापरतो त्या जाड दोऱ्यानं वरच्या कडेला एकमेकांना शिवून टाकले! घट्ट! म्हटलं, आता कसा एकटा जातोस बघू! धाकटी म्हणाली, "बाबा, मग मी चालू कशी?" म्हटलं, "सकाळी कापेन मी दोरा!" दप्तरं भरून दारात, शर्ट खुर्चीवर, बटणं आधीच लावून ठेवलेली, नुसता डोक्यातून घालायचा. पावाच्या कडा कापलेल्या. सेनापतीनं लढाईच्या आधी काय तयारी केली असेल हो!

आणि सकाळ झाली, आणि तुम्हाला खोटं वाटेल, धाकटी उठली! स्वतःहून! मासे नाहीत, साय नाही, शर्ट डोक्यातून एका झटक्यात आत. मी म्हटलं, जमलं! बायकोला सांगणार होतो, त्यात काय आहे म्हटलं होतं ना! आणि मोजे घ्यायला गेलो...

नाहीत! दोन्ही नाहीत! शिवलेली जोडीच्या जोडी गायब!

पलंगाखाली, कपाटामागं, चिंध्यांत, सगळीकडे बघून आलो. बाहेर "पीप". एक मोजा समजू शकतो, हो, घरंगळतो, पायात अडकतो. पण एकमेकांना शिवलेले दोन मोजे हातात हात घालून पळून गेले? "धाकटे, खरं सांग, कुठं टाकलेस?" "मी नाही टाकले!" "मग काय उडून गेले?" "पीऽऽप." "रोज तूच, रोज तुझंच काहीतरी! दादाकडे बघ!" ती रडायला लागली, म्हणते, "मी खरंच नाही बाबा, मी आज लवकर उठले ना..." आणि दारातल्या स्टुलावरून आवाज आला, "बाबा, तिला ओरडू नका." काय मोठं मन! बहिणीची बाजू घेतोय! शेवटी माझेच काळे मोजे ओढून तिला चढवले. मांडीपर्यंत आले. त्यात बूट जाईना. कसाबसा कोंबला, बाहेर येऊन बघतो तर गाडी वळणावर, काकांचा हात खिडकीबाहेर, टाटा करतोय. मी चिडलो नाही. चिडायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं हो!

पळालो थांब्याकडे. बस आली. दार उघडलं. हिनं धाकटीचे पाय बघितले, माझं तोंड बघितलं, आणि नुसती मान हलवली. आम्ही पुढच्याच सीटवर बसलो, थोरला नेहमीच्या जागी, अगदी तिच्या पाठीमागं. माझ्या डोक्यात एकच, मोठ्या बाई. आल्या पावली परत! काय तोंड दाखवू? धाकटीचं रडून रडून नाक वाहत होतं. म्हटलं, "अरे, रुमाल आहे का रे तुझ्याकडे? बहिणीला दे जरा." आणि थोरल्यानं, आमच्या गुणी बाळानं, खिशातून रुमाल ओढला...

रुमालाबरोबर मोजे बाहेर! दोन्ही! शिवलेले! लोंबत होते दोऱ्याला, वडाच्या पारंब्या लोंबाव्यात तसे!

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, इथं कळसा पोराच्या खिशात आणि मी चिंध्यांत! धाकटी किंचाळली, "दादाऽऽ! माझे मोजे!" सगळी बस बघायला लागली. पलीकडे एक मावशी बसल्या होत्या मांडीवर टोपली घेऊन, त्या म्हणाल्या, "अगंबाई! हाच का तो चोर?" बस तेवढ्यात लाल सिग्नलला थांबलेली. आरशात हिचे डोळे. मी थोरल्याला म्हटलं, "तू? रोज तूच? मी या धाकटीला ओरडतोय इतके दिवस, चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय, आणि तू स्टुलावर बसून सुस्कारे टाकतोस?" त्याचे कान लालबुंद. "अरे, बोल! कशासाठी? गाडी चुकवायला?" मान हलली, हो. "गाडीत कोणी त्रास देतं?" नाही. "शाळेत जायचं नाही?" नाही, तसं नाही. "मग? आज बाईंनी परत पाठवलं असतं तर?"

तर हा म्हणतो, अगदी हळू, "मग परत येताना पण बसच ना."

मला काही कळेना. म्हटलं, "अरे, बसमध्ये एवढं काय आहे? तुझी आई दुपारी घरी असतेच की! तुम्ही यायच्या आधी येते, त्यासाठीच तर ही पाळी घेतली तिनं!"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "घरी ती झोपलेली असते. बसमध्ये जागी असते."

...

खरं होतं ते. अंधारात उठणारी बाई, दुपारी घरी येते, गणवेश अंगावर तसाच, सोफ्यावर टेकते ती टेकतेच. मुलं येतात, मी तोंडावर बोट ठेवतो, शू, आई दमलीय. मुलं चवड्यावर चालतात. मला वाटायचं, काय शहाणी मुलं आहेत!

"पण इथं तिच्याशी बोलताही येत नाही रे," मी म्हटलं. "पाटी आहे."

"बोलायचं नसतंच," तो म्हणाला. "नुसतं आरशात बघायचं. ती पण बघते."

सिग्नल हिरवा झाला. बस हलेना. मागून एक हॉर्न, दुसरा हॉर्न. तुम्हाला सांगतो, ही बाई, जी अर्धं मिनिट उशीर झाला तर दिवसभर जेवत नाही नीट, ती हिरव्या सिग्नलला बस धरून उभी! आरशात बघतेय. पोरगं आरशात बघतंय. मागं हॉर्नांची जत्रा. शेवटी त्या टोपलीवाल्या मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, हिरवा झालाय हो." मग हिनं बाहीनं डोळे पुसले आणि गियर टाकला. मी धाकटीला जवळ ओढली, म्हटलं, "चुकलं गं माझं." तर ती म्हणते, "मग आज संध्याकाळी दादाला पण ओरडा. तेवढंच." हिशोबाची पक्की!

शाळेत अर्थातच उशीर. मोठ्या बाई दारातच. मी म्हटलं, "बाई, आजचा उशीर माझ्यामुळं. घरात एक भानगड होती, आज सुटली. उद्यापासून नाही होणार." आता पोराचं नाव घेऊन काय करू तिथं? मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, विश्वास बसल्यासारखं काही दिसलं नाही. मग धाकटीच्या पायांकडे बघितलं. मांडीपर्यंत काळे मोजे, टाच पोटरीवर आलेली, एक बूट अर्धा बाहेर. खूप वेळ बघितलं. "जा रे आत, दोघंही." मी म्हटलं, "फार उपकार झाले बाई." म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही सोडलं. त्या मोज्यांसाठी सोडलं."

त्या दुपारी ही झोपली नाही. डोळे तारवटलेले, डोकं डुगडुगतंय, पण बसून राहिली. थोरला आला, दप्तर ठेवलं, चवड्यावर चालायला लागला, आणि बघतो तर आई जागी! दोघं एकमेकांकडे बघत राहिले, जसं काही ओळख करून द्यायला हवी. मग ही म्हणाली, "इकडे ये. मोजेचोर!" आणि तो, दहा वर्षांचा घोडा, तिच्या कुशीत शिरला. धाकटी म्हणाली, "आता ओरडा!" कोणी ओरडलं नाही. आणि ही तशीच, त्याला धरून, बसल्या बसल्या झोपली. पण तो हलला नाही हो. हात अवघडला असेल, पण हलला नाही.

जागी झाल्यावर हिनं तोडगा काढला. आता तोडगा काढणार ही, आणि राबणार कोण? म्हणाली, "माझी एक आधीची फेरी असते. ती धरली तर मुलं घंटेच्या कितीतरी आधी शाळेत. बस पण मिळेल आणि वेळेवर पण पोचतील." मी म्हटलं, "आधीची म्हणजे किती आधीची?" तिनं सांगितलं. मी म्हटलं, "अगं, तेव्हा पक्षीसुद्धा उठत नाहीत!" म्हणाली, "मी उठते ना?" झालं. लावला गजर.

आणि तुम्हाला वाटेल आता रडारड असेल. कसली! दोघंही पहाटे टुण्णकन उठतात. ब्रश, दूध, बटणं, सगळं आपलं आपण. धाकटी मिळेल तो मोजा मिळेल त्या पायात घालते, विचारलं तर म्हणते, "बाबा, मोज्याला डावा-उजवा नसतो, एवढं पण माहीत नाही?" दोघं दारात उभे, दप्तरं पाठीवर, आणि मला हाका, "बाबा, चला! बाबा, आवरा! रोज तुमचंच काहीतरी असतं!" मी चिडत नाही. मी नुसतं...

कालचं सांगतो. मी डबे भरत होतो, मुलं पुढं गेली, मी घरातल्या चपलांवर मागून पळालो, आणि थांब्यावर पोचतो तर बस सुटतेय! मुलं आत, हिच्या मागं. मी हात केला, डबे हलवले, ओरडलो, "अगं, थांब!" हिनं मला बघितलं हो, आरशात स्पष्ट बघितलं! पण बस वेळेवर म्हणजे वेळेवर. तिच्या हातात वेळापत्रक, माझ्या हातात दोन डबे. पुढची बस आलीच नाही. चालत निघालो. शाळेपाशी पोचलो तर घंटा होऊन गेलेली, फाटक बंद, आत शिपाई. त्यानं गजांतून मला वरून खालपर्यंत न्याहाळलं, विस्कटलेले केस, घरातल्या चपला, हातात डबे. म्हणाला, "मुलं केव्हाच आलीत. तुम्हाला उशीर झाला." म्हटलं, "झाला." म्हणाला, "आता मधल्या सुट्टीशिवाय आत सोडता येणार नाही. उशिरा येणाऱ्यांनी तिथं बाकावर बसायचं."

बसलो बाकावर. एकटाच. दोन्ही डबे मांडीवर.

शिपायाला वाटलं मला वाईट वाटलं असेल. म्हणाला, "फार वेळ बसावं लागेल हो तुम्हाला." म्हटलं, "बाबा रे, सावकाश होऊ दे सुट्टी. महिन्याभरात आज पहिल्यांदाच बसतोय."